पोटातली इंजेक्शनं

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चौथीत होते. मंठ्याजवळच्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. मी काकांबरोबर शेतातून परत येत होते. कुत्र्यानं माझा हात धरला. काका सोडवायला धावले, तर त्यांच्या पोटरीचा लचका घेतला.

आईनं मला न्हाणीत नेलं आणि साबण लावून जखम धुतली. मी बोंबलत होते, ती धुतच राहिली. मग तिनं काकांच्या पुढ्यात पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवली. त्यांनीही मुकाट्यानं पाय धुतला. पण सकाळी मंठ्याला इंजेक्शनं घ्यायला जायचं, असं ती म्हणाली तेव्हा काका उठून बाहेर गेले.

तेव्हा ही इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. तीही रोज एक, चौदा दिवस. जवळच्या गावात एक म्हातारा झाडपाल्याचं औषध द्यायचा. काकांनी ते आणलं, पोटरीला बांधलं आणि आपलं भागलं असं सगळ्यांना सांगून टाकलं. वेचणी सोडून रोज मंठ्याला कोण जाणार, असंही म्हणाले. वडिलांनी धाकट्या भावाला काही म्हटलं नाही. काकू तर लग्न होऊन नवीनच आलेली, ती काय बोलणार?

पहिले दोन दिवस आई मला एकटीलाच घेऊन गेली. बेंबीच्या बाजूला सुई टोचली की आग व्हायची आणि येताना बसच्या प्रत्येक खड्ड्याला पोट दुखायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका जेवायला बसले. आईनं ताट वाढलं आणि समोरच उभी राहिली. एरवी ती त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर सावरून, जेवढ्यास तेवढं बोलायची.

"भाऊजी, उद्या आमच्यासंगं यायचं."

"मला काय होत न्हाई, वैनी. लेकराचं अंग कवळं असतं, तिला घेऊन जा."

"पिसाळलेलं कुत्रं वय इचारून चावत न्हाई. तुमची बायको बोलत न्हाई म्हणून मी बोलून राह्यले. वेचणीला मी माणसं लावते. तुम्ही बसमधी बसा."

काका भाकरी कुस्करू लागले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "मला सुईचं लई भ्या वाटतं, वैनी."

चुलीपाशी काकूनं वर पाहिलं. आई हसली नाही. म्हणाली, "वाटू द्या. भीत भीतच या."

सकाळी काका आले. दवाखान्यात माझं झाल्यावर ते सदरा वर करून आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटून माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला सुईपेक्षा तेच जास्त दुखलं. मधे एकदा त्यांचं पोट सुजलं, तेव्हा आता पुरे म्हणाले. आईनं डॉक्टरांना विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना परत बसमध्ये बसवलं. आमच्या दोघांचीही सगळी इंजेक्शनं पुरी झाली.

त्यानंतर काही दिवसांनी शेजाऱ्यांचं वासरू बिघडलं. त्यालाही तेच कुत्रं चावलेलं. त्याच्या तोंडातून लाळ गळायची, आवाज बसलेला, पाणी समोर ठेवलं तरी पिता येईना. दोन दिवसांत गेलं. काका ते बघून आले आणि ओसरीवर बसले.

"वैनी, माझी सगळी झाली न्हं? एकबी राह्यलं न्हाई?"

"न्हाई. सगळी झाली."

त्यांनी मान हलवली आणि काकूला चहा मागितला.

पुढं गावात कुणाला कुत्रं चावलं की काका त्याच्या घरी जाऊन उभे राहायचे. लहान असो, मोठा असो, कुणाचं काही ऐकायचे नाहीत, बसमध्ये बसवून मंठ्याला न्यायचेच. दवाखान्यातही शेजारी थांबायचे. फक्त सुई टोचायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करायचे.