मोटारीची चावी उटीत, नळ लातुरात

मंडळी, आम्ही दोघं उटीला आलोय. आज सकाळी चहाच्या मळ्यात फोटो काढत होतो, तेवढ्यात लातूरहून सविताचा फोन. ती आमच्या खालच्या खोल्यांत भाड्यानं राहते.

"काकू, नळ आलेत. मोटारीची चावी कुठं ठेवली?"

मी पर्स उघडून पाहिली. चावी माझ्याच पर्समध्ये! आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतात. आजचं पाणी हुकलं की सगळे भाडेकरू आठवडाभर कोरडे. पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मोटारीच्या बटणाला मीच पेटी बसवून कुलूप घातलेलं.

"सविता, दगड घे अन् फोड ते कुलूप."

"फोडायचं कशाला काकू? हिसका दिला की उघडतंय. लई दिवसांपासून बिघडलंय ते."

"अगं, मग दर वेळी वर येऊन चावी का मागता गं?"

"मोटार तुमची हाय. न विचारता कशी लावावी?"

थोड्या वेळानं तिनं भरलेल्या टाकीचा फोटो पाठवला.

आमचे हे म्हणाले, "घरी गेलो की चांगलं कुलूप घेऊ."

आता तुम्हीच सांगा, याच्याहून चांगलं कुठं मिळणार?