ओवाळणीतली काडतुसं

बाळांनो,

परवा फोनवर धाकट्याने सांगितलं, की या रविवारी तो मित्राच्या वडिलांबरोबर नेमबाजीला जाणार आहे. ते काका काडतुसं घरीच भरतात आणि त्यातली थोडी यालाही देणार आहेत. तुमची आई घाईत होती, म्हणून मी "बरं" म्हणून फोन ठेवला. राहिलेलं आता लिहिते, रविवारच्या आत पोचावं म्हणून. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण यातली माणसं मराठीत बोलतात आणि मराठीतच भांडतात. आईकडून वाचून घ्या.

निफाडकडे आपली द्राक्षबाग होती तेव्हा आजोबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. मण्यांत साखर भरली की भोरड्यांचे थवे उतरत आणि चहा होईपर्यंत अख्खी ओळ टोचून ठेवत. आजोबा हवेत बार काढत. थवा उठून शेजाऱ्याच्या बागेत जाई, मग शेजारी बार काढे आणि थवा आमच्याकडे परत येई. सगळा हंगाम असा चाले.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, सातपूरला कारखान्यात होता. हातचं काम देखणं. त्याच्याकडेही बंदूक होती आणि उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी तो पुन्हा भरत असे. तळाला नवी टोपी, तिच्यावर दारू, मग जाड पुठ्ठ्याचं बूच आणि वर छर्रे. चाप ओढला की टोपी ठिणगी देते, दारू पेटते आणि पुढचं सगळं नळीतून बाहेर जातं. हे त्याने मला इतक्यांदा समजावलं होतं, की मीही भरू शकले असते.

एका भाऊबीजेला मी ओवाळलं, तर ताटात साडीशेजारी त्याने काडतुसांचा डबा ठेवला.

"दाजींसाठी, ताई. विकतच्यापेक्षा सरस आहेत."

"काय मेहुणे, बहिणीला साडी आणि मला बारूद?"

"बागेत तरी आवाज चढवा, दाजी. घरात कुठे चढवता येतो तुम्हाला!"

तो गेल्यावर आजोबा डबा हातात घेऊन उभे राहिले. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस ते कधी वापरत नसत. पण ओवाळणी परत कशी करायची? आणि कपाटात ठेवली असती, तर मेहुण्याने दर रविवारी विचारलं असतं.

हंगामात डबा उघडला. पहिले बार खणखणीत निघाले. मग एकदा नुसतं फुस्स झालं. भोरड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. आजोबांनी सवयीने बंदूक बिजागरीवर मोडून उघडली, रिकामं नळकांडं काढलं आणि दुसरं काडतूस आत सरकवलं. मी पलीकडच्या ओळीत घड बघत होते.

"अहो, थांबा! बार निघाला का?"

"निघाला की. फुसका निघाला."

"मग बूच कुठे पडलं? आधी नळीतून बघा."

"तुझ्या भावासारखीच मास्तरीण आहेस," असं पुटपुटत त्यांनी काडतूस काढलं आणि उघड्या नळीला डोळा लावून आभाळाकडे पाहिलं. उजेड दिसेना. बूच नळीत मध्येच अडकलं होतं. त्यामागून दुसरा बार सुटला असता तर नळी फुटली असती, जिथे त्यांचा डावा हात होता तिथेच. ते बांधावर खाली बसले. मीही शेजारी बसले.

फोन केल्यावर भाऊ मोटरसायकल हाणत आला, तो चिडूनच. "माझं काडतूस फुसकं? दाजींनी ओलं केलं असणार!" आजोबांनी बंदूक त्याच्या हातात दिली. त्याने नळीत पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"यात दारूच पडली नाही, ताई. नळकांडी ओळीने मांडून दारू ओतत होतो, तेवढ्यात शेजारचे फराळाला आले. चहा झाला, गप्पा झाल्या. परत बसलो तेव्हा..." तो डब्याकडे बघत राहिला. "एक सुटलं असेल, तर एखाद्यात दोनदाही पडली असेल. ते तर बंदूकच फोडेल."

ते कुठलं, हे बाहेरून त्यालाही सांगता येईना. त्याने डबा उचलला. "ओवाळणी परत नेतोय, ताई. रागावू नकोस."

"ने बाबा," आजोबा म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी मलाही साडीच आण."

घरी त्याने एकेक काडतूस उघडून रिकामं केलं. आत काय सापडलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यानंतर त्याने भरलेलं काडतूस कुणालाच दिलं नाही.

तेव्हा धाकट्या, त्या काकांना गोड बोलून नाही म्हण. ते भले गृहस्थ असतील, माझा भाऊही आहे. पण भरताना त्यांच्याकडे चहाला कोण आलं होतं, ते तुला कसं कळणार? दुकानातली सीलबंद घे, आणि आवाज वेगळा आला तर बंदूक खाली ठेव.

बाग विकली, बंदूक आणि परवाना जमा केला. आजोबांचे दोन्ही हात शाबूत आहेत, आणि मामाआजोबा आजही भाऊबीजेला येतात.