वाईटपणा कोणी घ्यायचा?

नातीला शाळेत प्रकल्प होता. पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला देशांनी संघ काढला, तरी दुसरं महायुद्ध का झालं? अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर ती लॅपटॉप उघडून बसली आणि शेजारी मी. निवृत्त इंजिनिअरला कोणी काही विचारलं की तो सोडतो थोडाच! मी मांचुरियापासून सुरुवात केली. जपानने चीनचा तो प्रांत गिळला. संघाने चौकशीला मोठमोठी माणसं पाठवली. ती तिकडे हिंडली, सगळ्यांना भेटली, आणि कित्येक महिन्यांनी जपून शब्द वापरलेला अहवाल आला. जपान सभेतून उठून गेला, प्रांत त्याच्याकडेच राहिला. ते बघून इतरांनाही जोर चढला.

"दे जस्ट वेंट अँड केम बॅक?" नात हसली. "आजोबा, दॅट्स सो लेम."

मला हसू आलं नाही. सहा वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो.

आमच्या मराठी मंडळातली एक मुलगी, मूळची नागपूरची, दोन गल्ल्या पलीकडे नवरा आणि छोट्या लेकीबरोबर राहायची. मला काका म्हणायची. ऐन उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. एकदा बाही वर सरकली तेव्हा माझ्या बायकोने वळ पाहिले. मंडळात कुजबुज सुरू झाली. "पोलिसांना कळवू या," असं एकटी माझी बायको म्हणाली. आम्ही तिला गप्प केलं. नवऱ्याची नोकरी आहे, व्हिसा आहे, आणि संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. शिवाय वाईटपणा कोणी घ्यायचा? शेवटी ठरलं, तिघा ज्येष्ठांनी जाऊन समजूत घालायची.

रविवारी अकराला गेलो. तिच्या नवऱ्याने दारातच वाकून नमस्कार केला. आम्ही हॉलमध्ये त्याच्याशी बोलत बसलो. ती किचनमधून पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मग चहाचा, आणि परत आत गेली. आम्ही म्हटलं, राग आवरायला हवा. तो म्हणाला, "हो काका, जॉबचं प्रेशर असतं. मी ट्राय करतो." इतक्या नम्रपणे मान हलवली की आम्ही त्याचं कौतुकच केलं. मग अर्धा तास क्रिकेट. येताना गाडीत एक जण म्हणाले, "मुलगा मनाने वाईट नाही हो." दुसऱ्यांनी दुजोरा दिला. गाडी चालवता चालवता मीही दिला.

संध्याकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं : विषय सामोपचाराने मिटला आहे, कृपया पुढे चर्चा नको. 'सामोपचार' हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. मूर्ख माणूस.

त्या हिवाळ्यात त्याने तिचा हात मोडला. पोलिसांना फोन केला तो शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईने. ती बाई कधी तिच्या घरी चहालाही गेली नव्हती. हात बरा झाल्यावर मुलगी छोटीला घेऊन मिनेसोटाला निघून गेली. मंडळात मग जो तो म्हणायला लागला, आम्हाला आधीच शंका होती.

"टीचर सेड पिक वन रीझन, आजोबा," नात म्हणाली.

"लिही," मी म्हटलं, "सगळ्यांना दिसत होतं, पण वाईटपणा कोणालाच नको होता."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. सहा वर्षांत कधी केला नव्हता, बायकोच अधूनमधून बोलायची. हवापाण्याच्या गप्पांत शिरलो असतो तर राहूनच गेलं असतं, म्हणून थेट म्हटलं, "तुझी माफी मागायला फोन केलाय. त्या रविवारी आम्ही तुला एक शब्द विचारला नाही."

ती म्हणाली, "काका, त्या दिवशी मी बॅग भरून ठेवली होती. माझी आणि छोटीची. तुम्ही तिघं येणार कळलं, तर वाटलं, आम्हाला न्यायलाच येताय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तो तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला होता ना? तेवढ्यात रिकामी केली."