रॉकेटच्या वाटेचं दही

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

खर्डी स्टेशनबाहेर मी दही विकते. तिथे एक काका येत. नाव मी कधी विचारलं नाही. कुठल्याही देशाचं रॉकेट सुटणार असलं की ते चमचाभर दही तळहातावर घेऊन मोबाईलवर दिसणाऱ्या रॉकेटसमोर धरत. रॉकेट वर गेलं की त्याच्या वाटेचं दही स्वतः चाटत.

शेजारचा चहावाला चिडवायचा, "काका, आज जपान काय? तिकडं सासुरवाडी हाय तुमची?"

काका हसत नसत. एकदा मला म्हणाले, "पोरगा कामाला निघाला तेव्हा त्याची आई दही आणत होती. मीच बोललो, उशीर होतो, जाऊ दे त्याला. हायवेला गाडी ठोकली, पोरगा परत आलाच नाय. आता कोणी पण निघालं का मी बिनदह्याचं सोडत नाय गो."

श्रावणात एक रॉकेट वर जाताजाता फुटलं. काका तळहात तसाच धरून उभे राहिले.

"दही दिलेलं ना गो मी?"

मी कोणाशी फारशी बोलत नाही, पण तेव्हा बोलले, "दिलेलं, काका. तरी फुटलं. म्हणजे तुमच्या पोराचं पण दही राहिल्यामुळं नाय झालं."

मला वाटलं, त्यांचं ओझं उतरेल.

"मग कशामुळं झालं?" काकांनी विचारलं.

मी मडक्यावर झाकण ठेवलं. त्यांनी माझ्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतला आणि ते निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

चहावाला अजून ओरडतो, "ताई, आज रॉकेट हाय!" मी मडक्यावरचं झाकण काढून बसते.