जर्मनचा शाफ्ट

गाडीचं वजन पाच-सहा किलोंनी कमी व्हावं म्हणून मी कोइमतूरहून अॅल्युमिनियमचा शाफ्ट मागवतोय, हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "तेवढंच वजन कमी करायचं असंल तर तुम्हीच उतरा की गाडीतनं. नट-बोल्ट तरी खोलाय नकोत."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेला, पेठ वडगावात पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवणारा माणूस. एक जिना चढलो की वर पोचल्यावर कशाला आलो होतो ते आठवायला वेळ लागतो, इतकी धाप लागते. आणि माझ्याकडं होती लांब नाकाची, मागच्या चाकांवर पळणारी जुनी गाडी. तिच्यात मी मूळच्या दीडपट ताकदीचं जपानी इंजिन बसवून घेतलं होतं. रविवारी सकाळी राधानगरीच्या रस्त्याला ती घेऊन जायची, वळणं नीट घेतल्याचं समाधान मानायचं आणि येताना दही घेऊन यायचं, एवढाच तिचा उपयोग. गल्लीतली पोरं तिला रणगाडा म्हणत. मला ते कौतुक वाटे.

अशा गाडीत इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं असतात. दोघांना जोडणारा, गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. माझा होता लोखंडी, दोन तुकड्यांचा, मधे एका बेअरिंगवर टांगलेला. नव्या इंजिनाचा जोर त्या बेअरिंगला सोसेना. गाडी जागेवरून उचलली की सीटखाली कुणीतरी जात्यावर दळत बसल्यासारखं वाटायचं. अॅल्युमिनियमचा शाफ्ट घेतला तर एकाच तुकड्यात काम भागणार होतं आणि मधलं बेअरिंगच जाणार होतं.

पण खरं कारण आबा, असं मी घरात सांगत होतो. सांगता सांगता ते खरं झालं.

आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर गेली. उसाच्या चरकाचे रोलर, पुल्या, शाफ्ट, काय काय त्यांनी कातलं त्याला हिशेब नाही. तयार झालेल्या प्रत्येक जॉबवर, म्हणजे कातलेल्या वस्तूवर, ते पंचानं, हातोडीनं ठोकायच्या पोलादी ठशानं, आपली खूण ठोकत. एक गोल आणि गोलात टिंब. जॉब बिघडला तर कुणाच्या दारात जायचं ते लोकांना कळावं म्हणून. नाव लिहायला जागा लागते, म्हणायचे, लाज वाटायला टिंब पुरतं. आणि माझा जॉब कधी परत आला नाही, हे वाक्य आम्ही भावंडांनी पाढ्यासारखं ऐकलेलं.

गेल्या काही वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. एकावर एक दोन सदरे घालून बसायचे. एकदा एसटी स्टँडवर जाऊन गडहिंग्लजच्या गाडीत बसले, माझ्या आत्याला, त्यांच्या बहिणीला भेटायला. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे सगळं आपल्याला होतंय हे त्यांना कळत होतं, हे फार वाईट होतं. रोज संध्याकाळी, मी दुकानातून आलो की, विचारायचे, "आज काय चुकलं का रं माझ्याकडनं?"

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं होतं. वरच्या टाकीचा नळ उघडा राहिला, सगळं पाणी गेलं, म्हणालो. पाणी काय, दुसऱ्या दिवशी येतं. पण आबा दोन दिवस जेवले नाहीत. विसरल्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. हातून काही बिघडलं, हे त्यांना सोसत नव्हतं. तेव्हापासून बायकोनं घरात नियम केला. काहीही होऊ दे, संध्याकाळी उत्तर एकच. न्हाय आबा, काय चुकलं न्हाय. पोराबाळांच्या शिक्षणाची, लग्नाची स्वप्नं असतात तशी आमच्या घराची तेवढीच एक इच्छा उरली होती. आपल्या हातून जॉब बिघडला, असं आबांना मरेपर्यंत कळू नये.

डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम द्या. मग मी शाफ्ट निवडायचं काम घेऊन त्यांच्यापुढं बसलो.

आमच्याकडं अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. आबांच्या लेखी तो धातू तिथंच संपत होता. जर्मनच्या पातेल्यात भात शिजवतात, शाफ्ट कसला करतोस त्याचा, म्हणाले. मी मोबाईलवर पाहिलेलं सगळं त्यांच्यावर ओतलं. लांब नळी जोरात फिरली की मधे लवते, दोरीवरच्या उड्यांतल्या दोरीसारखी. जड असेल तर लवकर लवते, हलकी आणि रुंद असेल तर तग धरते. म्हणून एवढ्या लांबीला लोखंडाचे दोन तुकडे लागतात आणि अॅल्युमिनियमचा एक पुरतो. कार्बन फायबरचाही मिळतो, पण त्याची किंमत बघून मी तो व्हिडिओ अर्ध्यावर बंद केला होता. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नळीच्या भिंतीची जाडी विचारली. मी सांगितली.

"पातळ हाय," ते म्हणाले. "जपून हाताळाय पायजे."

माप त्यांनीच घेतलं. गाडी जॅकवर चढवून माप घ्यायला निघालेल्या मला त्यांनी थांबवलं. चाकं लोंबकळली की अंतर बदलतं, गाडी आपल्या पायावर उभी पाहिजे. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून टेप धरून ते आकडे सांगत होते आणि मी लिहीत होतो. नंतर, त्यांना न कळवता, मी गॅरेजच्या मिस्त्रींसोबत पुन्हा माप घेतलं. मिस्त्रींनी ताळा केला, तर माझं अंगठाभर चुकलं होतं. त्यांचं बरोबर होतं.

शाफ्ट लाकडी खोक्यातून आला. चांदीच्या सोटासारखा. अंगणातल्या शेडमधे दोन स्टुलांवर गोधडी घालून तो ठेवला. आबा येता-जाता त्याच्यावरून हात फिरवत. जर्मन असला तरी वेल्डिंग चांगलं केलंय, एवढं त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी बसवायचा ठरला. त्या दुपारी मी वडगावात दुकानात होतो.

घरी आलो तर बायको फाटकातच उभी. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती तेव्हा खालून हातोडीचा आवाज आला. आबा खाटेचा पाय ठोकत असतील असं तिला वाटलं. ते अधूनमधून ठोकत.

आबांनी शाफ्टवर खूण मारली होती. लोखंडी शाफ्टला ते टोकाच्या जाड भागावर मारत. इथं मारली होती नळीच्या मधोमध. मऊ धातूवर पंचाचा टणत्कार आला नसेल, उमटलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा मारली. आणि पुन्हा. तीन गोल, तीन टिंबं, एकमेकांत घुसलेली, आणि त्यांच्याभोवती चिंचोका बसेल एवढा पोचा.

"बघ," आबा म्हणाले. "आता कळंल कुणाचं काम हाय त्ये."

नळीचं बळ तिच्या गोलाईत असतं. पोचा आला की ती वेगात असताना तिथंच वाकते, आणि वाकलेला शाफ्ट गाडीची जमीन फाडून माणसापर्यंत येतो, हे मीच त्यांना पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं होतं. मी म्हणालो, "झकास झालंय, आबा." संध्याकाळी त्यांनी रोजचं विचारलं. मी रोजचं सांगितलं.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, भंगारात घाला. मला वाटलं, सकाळपर्यंत आबा विसरतील. सगळं विसरणारा माणूस हे विसरला नाही. मी उठायच्या आधी ते दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पायरीवर बसले होते. तेव्हा ठरवलं, बसवायचा. गॅरेजपासून एक चक्कर, ताशी तीसच्या पुढं न जाता. मग आबांना घरी सोडून जुना परत चढवायचा.

गॅरेजमधे आबा खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसले. जुना शाफ्ट खोलायच्या आधी फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या बोल्टांच्या चकतीवर, खुणा करायला त्यांनी लावल्या. मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट सुटला तसा काळा भुगा मिस्त्रींच्या तोंडावर पडला. गिअरबॉक्समधून तेल ठिबकणार हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत आबांनी पायानं डबा खाली सारला होता. नवा शाफ्ट गिअरबॉक्समधे सरकला, मागं फ्लँजला टेकला, भोकाला भोक लागलं. त्यांच्या मापात केसाचा फरक नव्हता. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, आबा सांगत होते आणि मिस्त्री वयानं साठीचे असून शिकाऊ पोरासारखं व्हय व्हय करत होते. पोचा मिस्त्रींनी वरच्या अंगाला ठेवला, खालून दिसू नये म्हणून. तो कुणाच्या हातून आला ते मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. 

निघालो. आबा शेजारी. तिशीत गाडी लोण्यासारखी चालली. ते जात्याचं दळण गेलं होतं, आणि हा शाफ्ट परत काढायचा याचं दुःख व्हावं इतकं ते सुख चांगलं होतं. सर्व्हिस रोडला मागून उसाचा ट्रक हॉर्न मारू लागला. आबा म्हणाले, दाब की, बैलगाडी हाय का ही. मी दाबलं.

काटा पन्नासला गेला तशी पायाखालून थरथर सुरू झाली. आरशातला ट्रक दोन-दोन दिसू लागला. आबांनी दोन सीटांमधल्या उंचवट्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचा तो चेहरा मी लहानपणी डबा घेऊन लेथवर जायचो तेव्हा पाहिला होता.

"थांबीव," ते म्हणाले. "शाफ्ट आऊट हाय. सरळ फिरंना."

गॅरेजमधे परत आलो. आबा कुणाला विचारत बसले नाहीत, खड्ड्यात उतरले. मिस्त्रींनी आडवं येऊन पाहिलं, म्या बघतो म्हणाले. आबांनी त्यांच्या हातातला दिवा घेतला. एका हातानं शाफ्ट हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताची बोटं त्यावर टेकवून ठेवली. मधोमध बोटं थांबली. दिवा वर गेला.

दिवा तिथंच धरलेला राहिला. ते गोल आणि ती टिंबं त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. वर उभं राहून मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं.

"ह्यो पंच कुणी मारला?"

"मी मारला, आबा," मी म्हणालो. "तुमचाच पंच घेतला. तुमची खूण असावी म्हटलं."

मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, "म्या सांगत हुतो त्यास्नी, नळी पातळ हाय म्हणून. ऐकत न्हाईत." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की घटकाभर मलाच खरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

आबा वर आले. मग त्यांनी मला गॅरेजभर ऐकू जाईल असं धुतलं. माझं शिक्षण काढलं, माझं दुकान काढलं, लेथवर डबा घेऊन यायचो तेव्हा नुसता माशा मारत बसायचो तेही काढलं. शेवटी म्हणाले, "एकदा मारला तर चुकला म्हणू. तीनदा मारतोय त्यो गाढव." एवढं बोलून त्यांना दम लागला आणि ते खुर्चीत बसले. जुना लोखंडी शाफ्ट चढेपर्यंत ते माझ्याकडं बघत नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी रोजचं ते, काय चुकलं का, विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. मी बायकोला म्हणालो, जमलं. ती म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तुमच्या खोटं बोलण्याचा उपयोग झाला.

पुढं कितीतरी महिने आबा ती गोष्ट सांगत राहिले. दूधवाल्याला, गडहिंग्लजहून आलेल्या भाच्याच्या सासरच्यांना, लाईटबिल वाटायला आलेल्या माणसाला. जर्मनचा शाफ्ट, पातळ नळी, त्यावर आमच्या दिवट्यानं पंच मारला. दूधवाला मला बघून पंच कसा धरायचा ते विचारू लागला. मला त्याचं काही नव्हतं. उलट पाहुणे आले की मीच विषय काढून द्यायचो. शाफ्ट मात्र भंगारात देववला नाही. माळ्यावर आहे.

मग आबा बाथरूममधे पडले आणि तिथून उतरण लागली. आधी गोष्टी गेल्या, मग माणसं. बायकोला ते कधी आत्या समजत, कधी नर्स. मला थोरल्या चुलत्यांच्या नावानं हाक मारत. मी ओ द्यायचो.

एका दुपारी मी खाटेशेजारी बसून त्यांना डाळिंबाचे दाणे भरवत होतो. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला, सदरा सारखा केला आणि उशीला टेकून ताठ बसले.

"पावणं, कुठनं आलासा?"

मी वडगावहून आलो होतो, तेच सांगितलं. त्यांना बरं वाटलं. पोरंबाळं किती विचारलं, ऊस लावलाय का विचारलं. माझ्या पोराचं बी वडगावात दुकान हाय, म्हणाले. मोटारींचं. मग ते शाफ्टवर येणार हे मला कळलं, आणि मी सवयीनं हसायच्या तयारीत बसलो. ते दाराकडं बघून जरा पुढं वाकले.

"त्येनं माझा शाफ्ट बिघडवला म्हणून म्या सगळ्यास्नी सांगतोय. पर त्येनं न्हाय. पंच म्याच मारलता. पोरगं खोटं बोललं, आंगावर घेतलं. चार माणसांत बोललं. मग म्या बी त्येला शिव्या दिल्या. दुसरं काय करणार?"

 वाटीतले दाणे मी बोटानं एका कडेला करत राहिलो.

"त्येला सांगू नगासा," आबा म्हणाले. "मला ठावं न्हाय असं वाटतंय त्येला."

"न्हाय सांगत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आतल्या दिशेनं माझ्या कधीच्या गेलेल्या आईला हाक मारली, पावण्यास्नी च्या टाक म्हणून. बायको चहा घेऊन आली. मी एरवी खाटेवर पाय घेऊन, बशीत ओतून पितो. त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसून, कपानंच, घोट घोट करून प्यालो. आबा समोरून बघत होते. साखर बरोबर हाय का, त्यांनी विचारलं.