सरांच्या कागदावरची दुसरी ओळ

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला नवीन स्वागतगीत म्हणायचं होतं. पेटीवर आमचे संगीताचे सर बसणार होते. जुनी गाणी ते डोळे मिटून वाजवायचे, पण ही चाल नवीन होती, कागद समोर लागायचा. तालमीत ते कागद हात लांब करून धरायचे, मग जवळ आणायचे. "छपाई फिकी झाली बघा," म्हणायचे. छपाई फिकी नव्हती.

दुसऱ्या तालमीला त्यांनी पेटी मिटली. "मोबाईलवर संगीत लावा अन् म्हणा. सगळे तसंच करून राहिले."

पोरांना ते सोयीचंच वाटलं. मला मात्र वाईट वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सेनगावकडून जीपनं हिंगोलीला यायचे आणि वर्गात मागं बसायचे. माझा आवाजच फुटायचा नाही. सरांनी मला बोलावून पेटीजवळ गायला बसवलं होतं.

स्वरलिपीचं सॉफ्टवेअर मला थोडंफार यायचं. अक्षरं मोठी केली की झालं, असं मला वाटलं. पण मोठी केल्यावर स्वरांखालचे शब्द एकमेकांवर चढले. अंतर वाढवलं, तर सोळा मात्रांचं आवर्तन एका ओळीत मावेना. ओळ बाराव्या मात्रेनंतर तुटायची आणि पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळीच्या मध्येच कुठंतरी पडायची. शेवटी मी दर आठ मात्रांनंतर ओळ तोडली. एका आवर्तनाच्या दोन ओळी झाल्या.

घरी तो कागद तपासत बसले होते, तर वडील म्हणाले, "काय करून राहिली?"

"सरांसाठी गाणं लिहिलंय, दादा."

"गाण्याला एवढी तकलीफ काहून? म्हणून टाकायचं की."

सरांना कागद देताना माझी जीभ अडखळली. "प्रिंटरनंच मोठं काढलं, सर."

सर वाजवायला लागले. पहिलं कडवं नीट गेलं. मग त्यांनी गाणाऱ्यांकडे पाहिलं आणि परत कागदाकडे वळताना त्यांची नजर भलत्याच ओळीवर गेली. आवर्तन अर्ध्यात असताना त्यांनी सम धरली.

"सर, गाडी वारंगा फाट्यावरून चुकली," एक पोरगं म्हणालं. सगळे हसले. सरही हसले, पण पेटी पुन्हा मिटली.

मी कागद पाहत राहिले. सगळ्या ओळी एकसारख्या दिसत होत्या. कोणती सम घेऊन सुरू होते आणि कोणती मधली, हे मान वर करून परत येणाऱ्या माणसाला कळणार कसं?

दुपारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी प्रत्येक दुसरी ओळ थोडी आत सरकवली. सॉफ्टवेअर ती ओढून पुन्हा कडेला नेऊन लावायचं. ओळी कागदाच्या रुंदीभर ताणायची त्याची सवय होती. ती सेटिंग सापडून बंद करेपर्यंत माझी परतीची जीप गेली. समेचा स्वर तेवढा ठळक केला.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद नीट अंतरावर ठेवला. मध्ये दोनदा वर पाहिलं आणि दोन्ही वेळा बरोबर ओळीवर आले. गाणं संपलं तेव्हा कुणी मोबाईलचं नाव काढलं नाही.

पोरं बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "हे बी प्रिंटरनंच केलं का?"

"न्हाई सर. मी केलं."

त्यांनी आत सरकलेल्या ओळीवर बोट फिरवलं.

"बाकीची गाणी पण अशीच काढून दे, बाई. बारीक दिसत न्हाई मला आता."