तेलाचा श्वास

पाणी जितके वेगाने गरगरेल तितके ते अधिक स्वच्छ करील, असे मानणाऱ्या माणसांविषयी येहेझकेल झिराडकर यांच्या मनात जी भावना होती, तिला तिरस्कार म्हणणे म्हणजे त्या माणसांना फुकटचा मान देणे होय. तिरस्कार बरोबरीच्या माणसाचा करतात. झिराडकरांची ती दृष्टी निराळी होती. भांड्याला कल्हई नीट बसली नाही म्हणजे जाणती गृहिणी ज्या नजरेने त्या भांड्याकडे पाहते, त्याच नजरेने ते आपल्या मुख्य अभियंत्याकडे, म्हणजे मेईरकडे, अकरा वर्षे पाहत आले होते.

इस्राएलमधल्या ओफाकिमच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात फिरत्या तोट्या बनत. रासायनिक कारखान्यांच्या नळ्यांत क्षारांचा दगडासारखा थर बसतो. तो फोडायला चौरस सेंटिमीटरला पाचशे-सहाशे किलो दाबाचे पाणी सुईच्या छिद्रातून सोडावे लागते. छिद्रे मध्यापासून किंचित बाजूला ठेवली की पाण्याच्याच धक्क्याने तोटीचे डोके फिरू लागते आणि नळीची सगळी आतली भिंत धारेखाली येते. कल्पना सुंदर आहे. ती बिघडवायला मात्र शिक्षण लागते, आणि मेईरजवळ ते भरपूर होते.

मेईरची तोटी मिनिटाला सात हजार फेरे घेई. एवढ्या वेगात धार धार राहत नाही. वीतभर जाण्याआधीच तिचे तुषार होतात. कारखान्यात पाहुणे आले की मेईर तिला मोकळ्या अंगणात फिरवी. वाळवंटाच्या उन्हात त्या तुषारांवर इंद्रधनुष्य उमटे, पाहुणे टाळ्या वाजवीत, आणि मेईर हात बांधून असा उभा राही, की जणू मेघराज स्वतः त्याच्या पदरी नोकरीला आहे. झिराडकर लेथवरून मान वर करीत नसत. क्षाराचा थर इंद्रधनुष्याला भीत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

हे ज्ञान त्यांना कुठल्या विद्यापीठात मिळाले नव्हते. अलिबागजवळच्या झिराड गावी त्यांच्या आजांचा तेलघाणा होता. घर ज्यू असल्याने शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पुढे मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपात अठरा वर्षे फिटर म्हणून काढली आणि १९६५ साली बायको डेबोरा आणि लहानगी मुलगी सारित यांना घेऊन ते इस्राएलला आले. इथे शनिवारी सारा देशच थांबतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ते वेगळेपण विमानतळावरच गळून पडले. त्याच्या जागी दुसरे नाव मिळाले : होदी, म्हणजे हिंदी माणूस. मेईर त्यांना येहेझकेल म्हणे, नाहीतर नुसतेच होदी. हिब्रूत ‘अहो’ नाही, सगळा कारभार ‘अरे’वर चालतो, हे त्या भाषेचे वैगुण्य झिराडकरांनी पहिल्याच आठवड्यात हेरले आणि तिला कधी क्षमा केली नाही.

सत्त्याहत्तर सालच्या वसंतात मृत समुद्राकाठच्या एका कारखान्याची बाई मेईरची तोटी परत घेऊन आली. झिवा तिचे नाव. तिथल्या दुरुस्ती विभागाची ती प्रमुख. तिने ती तोटी मेईरच्या टेबलावर आपटली.

“इंद्रधनुष्य छान आहे,” ती म्हणाली. “माझ्या नळ्या मात्र तुंबलेल्याच आहेत. महिन्याभरात दुसरं काही दाखवा, नाहीतर मी परदेशातून मागवते.”

मेईरने छिद्रे बदलली, कोन बदलला, वेग आणखी वाढवला. झिराडकरांनी आपल्या बाकावर मुकाट्याने दुसरेच काही मांडले. त्यांनी फिरत्या दांड्याभोवती एक बंद पोकळी केली, दांडा आणि भिंत यांत केसाएवढे अंतर ठेवले आणि त्या अंतरात घट्ट तेल भरले. ते बाहेर पडू नये म्हणून दांड्याभोवती रबरी सील, म्हणजे कडी, बसवली. तेल दांड्याला धरून ठेवी. सात हजारांचे फेरे तीनशेवर आले. लहानपणी त्यांनी घाण्याचा बैल पाहिला होता. तो जोरात चालला असता तर बियांचा नुसता चुरा झाला असता. वीतभर काय, दोन हातांवरूनही आता ती धार सळईसारखी अखंड जाऊन आपटे.

मेईरने ते पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी आरेखन करायला दिले.

आरेखन विभागात झिराडकरांची मुलगी सारित होती. प्रत्येक आरेखनाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात : रचना कोणाची, रेखाटले कोणी, तपासले कोणी. रेखाटणाऱ्याच्या चौकटीत सारितने आपले नाव घातले. तपासणाऱ्याची चौकट कोरी होती. पहिल्या चौकटीत मेईरने स्वतःचे नाव लिहायला सांगितले होते.

त्या दुपारी जेवताना तिने ते सांगितले. डेबोरा तांदळाच्या भाकरीवर आमटी वाढीत होती. तिचा हात थांबला.

“अगं, मग तू लिहिलंस कसं?” डेबोरा म्हणाली.

सारित हिब्रूतच उत्तरली, “इम्मा, तो माझा साहेब आहे.” मग बापाकडे वळून मराठीत म्हणाली, “अब्बा, तुम्ही बोला ना त्याला.”

“मी मागू?” झिराडकर म्हणाले. “ज्याला तेल आणि पाणी यातलं अंतर कळत नाही, त्याच्यापुढे पदर पसरू?”

“अहो, पदर कशाला, तोंड उघडा म्हणत्ये मी,” डेबोरा म्हणाली. “अकरा वर्षं त्या बाकावर बसलात. एक चौकट तरी तुमची होऊ दे.”

झिराडकरांनी भाकरीचा तुकडा मोडला. पण ती चौकट त्यांना हवी होती. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवरून हजारो वस्तू घडवल्या. ही एकच वस्तू त्यांच्या स्वतःच्या मस्तकातून आली होती. ती चौकट मागून मिळवावी हे मात्र त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. दुसऱ्याला क्षुद्र लेखणाऱ्या माणसाची हीच कोंडी असते : ज्याच्याकडून न्याय हवा त्याच्याकडे तोंड वळवणेच त्याला कमीपणाचे वाटते.

चाचणीच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. मेईर स्वतः बाही सरसावून तेल भरायला बसला; आता ती तोटी त्याची होती ना! पोकळीचा पेच त्याने उघडला आणि नरसाळ्याने तेल ओतत राहिला. तेल कडेला आले, फुगून वर चढले, तरी तो थेंब थेंब घालीतच होता.

झिराडकर चार हातांवर उभे होते. त्यांच्या आजांनी कुठलाही डबा कधी गळ्यापर्यंत भरला नव्हता. उन्हात तेल फुगते; त्याला वर बोटभर जागा ठेवावी लागते. त्या जागेला झिराडला तेलाचा श्वास म्हणत. झिराडकरांना हिब्रूत दुसरा शब्द सुचला नाही.

“मेईर, त्याला नेशिमा ठेव,” ते म्हणाले. नेशिमा म्हणजे श्वास.

मेईरने डोके वर केले आणि तो हसला. मग ट्रकजवळच्या ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ऐकलंस? होदी म्हणतो, तेलाला श्वास लागतो! तुमच्याकडे तेल योगासनंही करतं का रे?”

ड्रायव्हर खो खो हसला. झिराडकरांना आणखी एक वाक्य बोलायचे होते : ऊन वाढेल, तेल फुगेल, सील उचलेल. तीन साधे शब्दसमूह. पण अडाण्याला दुसऱ्यांदा सांगणे हे त्यांना अडाणीपणाचे वाटले. त्यांनी आपला जेवणाचा डबा उचलला. त्यात भाकरीखाली, फडक्यात गुंडाळून, त्यांनी दोन नवी सील आणि तेलाची छोटी बाटली आधीच ठेवली होती, ही गोष्ट येथे सांगून ठेवली पाहिजे.

ट्रकच्या उघड्या हौद्यात तोटी दोन तास उन्हात तापली. रस्ता खाली खाली उतरत मृत समुद्राकडे गेला तसा उष्मा भट्टीसारखा अंगावर आला. झिवाच्या कारखान्यात तुंबलेली नळी तयार ठेवलेली होती. मेईरने पंपवाल्याला पंप सुरू करायला सांगितला. क्षणभर धार सरळ गेली. मग तोटीच्या मानेतून काळसर तेलाची रेघ ओघळली, शिटीसारखा आवाज चढत गेला, आणि बंधनातून सुटलेले डोके पुन्हा सात हजारांनी भणभणू लागले. नळीच्या तोंडातून तुषार उडाले. ऊन चांगले होते, इंद्रधनुष्यही उमटले.

“पुन्हा?” झिवा म्हणाली.

आता मेईरने जे केले ते इतक्या सहजपणे केले, की त्याचा पूर्वाभ्यास असावा असे वाटावे. त्याने आरेखनाची गुंडाळी तिच्या टेबलावर पसरली, खिशातून पेन काढले आणि पहिल्या चौकटीतले स्वतःचे नाव आडव्या रेघेने खोडले.

“कार्यालयाची चूक,” तो म्हणाला. “ही रचना माझी नाही. आमच्या होदीची आहे. मी नको म्हणत होतो, पण माणसाला एकदा संधी द्यावी लागते.” तो लिहायला वाकला आणि थांबला. पेन कागदावर टेकलेले राहिले. मग मान वळवून त्याने विचारले, “तुझं आडनाव काय रे?”

अकरा वर्षे. झिराडकरांनी त्याच्याकडे पाहिले, आणि एखाद्या मंद विद्यार्थ्याला मुळाक्षरे सांगावीत तसे एकेक हिब्रू अक्षर सांगितले : “झायिन. योद. रेश. दालेद. कूफ. रेश.” मेईरने निमूटपणे लिहून घेतले.

झिवाने सवयीप्रमाणे कागदावर ‘मिळाले’ असा शिक्का मारला, तारीख घातली, आणि झिराडकरांना विचारले, “मग, तुमचं काय म्हणणं आहे?”

“अर्धा तास द्या.”

त्यांनी डबा उघडला. भाकरी बाजूला ठेवली, फडके सोडले. जुने सील काढले, नवे बसवले, पोकळी पुसली, तेल भरले आणि वर करंगळीच्या पेराएवढी जागा सोडून पेच आवळला. मेईर सावलीत सिगारेट ओढत होता. पंप सुरू झाला तेव्हा तोटीतून आवाज असा आलाच नाही. एक संथ, जड गुरगुर तेवढी आली. पाच मिनिटांत नळीच्या दुसऱ्या टोकातून क्षाराची पांढरी ढेकळे पडू लागले, मग मळके पाणी, मग स्वच्छ. झिवाने नळीत डोळा घातला आणि पलीकडचे आकाश पाहिले.

“या आरेखनाप्रमाणे मला बारा हव्यात,” ती म्हणाली.

मेईरची सिगारेट खाली पडली. तो लगबगीने पुढे आला. “तो कागद जरा दे, झिवा. त्यात एक दुरुस्ती राहिली आहे.”

“शिक्का बसला,” ती म्हणाली आणि कागद कपाटात ठेवून तिने किल्ली फिरवली.

घरी डेबोराने सगळे ऐकून घेतले. आनंदाने तिचे डोळे पाणावले, पण ती परळची बाई होती. “सकाळी दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत त्याला?” तिने विचारले. “सील सुटून कोणाचा हात गेला असता म्हणजे?”

सहाशे किलोच्या त्या पाण्यापाशी मेईर उभा होता, तसा पंपवालाही उभा होता. त्या पंपवाल्याने काय केले होते? त्या दिवसातला हा एकच प्रश्न असा होता, ज्याकडे झिराडकरांना वरून खाली पाहता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारितकडून मूळ आरेखनावर पोकळीच्या आत एक रेघ काढून घेतली, आणि तिच्यापाशी ठळक अक्षरांत लिहून घेतले : नेशिमा. ज्याला हसायचे त्याने हसावे, पण वाचल्यावाचून पेच कोणी आवळू नये.

पहिल्या चौकटीत झिवाकडच्या कागदाप्रमाणे झिराडकरांचे नाव आले. मग तिसरी चौकट उरली. तपासनिसाच्या सहीवाचून आरेखनावरून माल बनवता येत नसे, आणि तपासण्याचा अधिकार एकट्या मेईरचा. तो कागद घेऊन झिराडकरांच्या बाकापाशी आला, पेन शोधत खिसे चाचपू लागला. झिराडकरांनी आपले पेन पुढे केले, पण सोडले नाही.

“आधी तपास,” ते म्हणाले. “मग सही कर.”

मेईर वाकला. त्या रेघेवर त्याने बोट ठेवले आणि पहिल्यांदाच, ओठ हलवीत, तो शब्द वाचला.